खांबाच्या माथ्यापाशी : साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअर कोसळण्याचे प्रकरण

बांधकाम चालू असताना किंवा इमारत वापरात आल्यानंतर स्थापत्य अभियंत्याला विचारले जाणारे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. आणखी एक मजला चढवता येईल का? हा खांब मध्येच येतो, तो थोडा छाटला तर चालेल का? गच्चीवर एवढे एक यंत्र ठेवले तर काय बिघडणार आहे? ही भेग नुसत्या प्लास्टरची आहे की स्लॅबची? हे प्रश्न वेगवेगळ्या वेळी, बहुतेकदा वेगवेगळ्या माणसांकडून येतात आणि त्यांची उत्तरेही सुटी सुटी दिली जातात. दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथील साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअरच्या बाबतीत हे सगळे प्रश्न काही वर्षांच्या अंतराने एकाच इमारतीसंबंधी उपस्थित झाले आणि प्रत्येक वेळी प्रत्यक्ष कृतीतून मिळालेले उत्तर ‘चालेल’ असेच होते. २९ जून १९९५ रोजी संध्याकाळी सहाच्या सुमारास, दुकान ग्राहकांनी भरलेले असताना, इमारतीच्या दोन भागांपैकी एक भाग अर्ध्या मिनिटाच्या आत तळघरापर्यंत कोसळला. ५०२ माणसे मरण पावली आणि नऊशेहून अधिक जखमी झाली. भूकंप नव्हता, वादळ नव्हते, स्फोट झाला नव्हता. सुरुवातीला गॅसगळतीचा आणि घातपाताचा संशय घेतला गेला, पण तपासात दोन्ही शक्यता बाद ठरल्या. इमारत आपल्याच वजनाने पडली होती.

या प्रकरणाची चर्चा बहुधा मालकाच्या हव्यासापाशी येऊन थांबते. हव्यास होताच. मात्र ‘हव्यास’ हे उत्तर अभियंत्याच्या फारसे उपयोगाचे नाही, कारण ते कोणत्याही पडलेल्या इमारतीला लागू पडते. एवढ्या सगळ्या चुका इमारतीच्या नेमक्या कोणत्या जागी एकत्र आल्या, हा अधिक उपयोगाचा प्रश्न आहे. ती जागा म्हणजे स्लॅब जेथे खांबाला मिळतो ते खांबाच्या माथ्याभोवतीचे कडे. पुढील विवेचन मुख्यतः त्या कड्याविषयी आहे.

तुळया नसलेली इमारत

मूळ आराखडा चार मजल्यांचा होता आणि त्यातला नियोजित वापरही वेगळा होता. काम चालू झाल्यानंतर तेथे डिपार्टमेंट स्टोअर करण्याचे ठरले आणि पुढे पाचवा मजला वाढवण्यात आला. आधीच्या ठेकेदार कंपनीने या बदलांना नकार दिल्यावर तिच्याकडून काम काढून घेऊन ते मालकाच्या समूहातल्याच कंपनीकडे देण्यात आले. जमिनीवर पाच मजले आणि खाली चार तळघरे अशी ही इमारत १९९० पर्यंत पूर्णपणे वापरात आलेली होती.

इमारतीचा सांगाडा फ्लॅट स्लॅब पद्धतीचा होता. नेहमीच्या आरसीसी इमारतीत स्लॅबवरचा भार आधी तुळयांवर जातो, तुळया तो खांबांवर नेतात, खांब पायावर आणि पाया जमिनीत पोहोचवतो. फ्लॅट स्लॅबमध्ये तुळई हा मधला दुवा नसतो आणि जाड स्लॅब थेट खांबांवर टेकलेला असतो. याचे फायदे खरे आहेत. सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी उभारायचा साचा, सोपे होते, मजल्याची उंची वाचते, छताखालून वातानुकूलनाच्या नळ्या हव्या तशा नेता येतात आणि दुकानासाठी मोकळी, सलग जागा मिळते. पद्धतही नवखी नव्हती. अमेरिकेत सी. ए. पी. टर्नर यांनी १९०६ च्या सुमारास आणि स्वित्झर्लंडमध्ये रॉबर्ट मायार यांनी १९१० च्या सुमारास अशा इमारती उभ्या केल्या होत्या. त्या जुन्या इमारतींची छायाचित्रे पाहिली तर प्रत्येक खांब माथ्यापाशी अळंबीसारखा फुलत जाऊन स्लॅबला मिळतो असे दिसते. हा फुलोरा शोभेसाठी केलेला नव्हता. तुळई काढून घेतल्यावर सर्वाधिक धोका कोठे निर्माण होतो हे त्या अभियंत्यांनी ओळखले होते आणि नेमक्या त्या जागी काँक्रीट वाढवले होते.

हा धोका म्हणजे पंचिंग शिअर. ताणून धरलेल्या कागदावर पेन्सिलीचे टोक दाबत गेले तर कागद मध्ये वाकण्याआधी टोकाभोवती फाटतो आणि पेन्सील आरपार जाते. फ्लॅट स्लॅबमध्ये खांब ही पेन्सील आहे आणि स्लॅब हा कागद. एका मजल्याचा त्या खांबाच्या वाट्याचा सगळा भार खांबाभोवतीच्या एका अरुंद कड्यातून खांबात उतरतो. त्या कड्याची ताकद अपुरी पडली, तर खांबाच्या माथ्यावर छाटलेल्या शंकूच्या आकाराचा काँक्रीटचा तुकडा तसाच राहतो आणि उरलेला स्लॅब त्याच्याभोवतीने खाली सरकतो. खांब मोडलेला नसतो, मजला मात्र गेलेला असतो. तुळई वाकून निकामी होते तेव्हा ती आधी झोल देते, तिच्या भेगा रुंदावत जातात, सळई ताणली जाते, आणि माणसांना पळायला वेळ मिळतो. पंचिंगमध्ये असा झोल फारसा येत नाही. म्हणूनच वाकण्याने होणारा बिघाड परवडतो, पण पंचिंगने होणारा बिघाड संकल्पनेच्या (डिझाइनच्या) टप्प्यावरच अशक्य करून ठेवायचा असतो.

साम्पुंगमध्ये खांबांमधील अंतर सुमारे ११ मीटर होते. मधल्या प्रत्येक खांबाच्या वाट्याला एका मजल्यावर साधारण ११ गुणिले ११ म्हणजे १२१ चौरस मीटर क्षेत्र येत होते. एका प्रशस्त घराएवढ्या क्षेत्राचा भार प्रत्येक मजल्यावर एकेका खांबाच्या माथ्याभोवतीच्या कड्यातून उतरणार होता. प्रकरणाचा पुढचा सगळा भाग या एका आकड्याच्या संदर्भात वाचला पाहिजे.

कड्याचा हिशेब

तपासात असे आढळले की वरच्या मजल्यांवरील ज्या खांबांचा व्यास ८० सेंटिमीटर असायला हवा होता, त्यांतील काही प्रत्यक्षात ६० सेंटिमीटरचे होते. सर्वसामान्य माणसाला हा फरक २० सेंटिमीटरचा, म्हणजे पाव भागाचा वाटतो. तो तेवढा नाही. वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे ८० सेंटिमीटर व्यासाच्या खांबाचे सुमारे ०.५० चौरस मीटर क्षेत्र ६० सेंटिमीटरला ०.२८ चौरस मीटर उरते. खांबाचे ४४ टक्के काँक्रीट गेले. ‘खांब थोडा बारीक केला तर चालेल का?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी एवढा गुणाकार तरी करावा.

तरीही येथे निर्णायक ठरला तो खांबाचा दाब पेलण्याचा प्रश्न नव्हता. खांब बारीक झाला की त्याच्याभोवतीचे कडेही आखूड होते. पंचिंगसाठी हिशेबात धरायचा घेर, प्रचलित संकेतानुसार, खांबाच्या कडेपासून स्लॅबच्या परिणामी जाडीच्या निम्म्या अंतरावर घेतात. परिणामी जाडी म्हणजे स्लॅबची पूर्ण जाडी नव्हे, तर ताण घेणाऱ्या सळईच्या मध्यापासून दाब घेणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर. समजण्यासाठी ही जाडी ४० सेंटिमीटर धरू. ८० सेंटिमीटरच्या खांबाभोवतीचा घेर ३.७७ मीटर येतो आणि जाडीने गुणल्यावर कर्तनाला (शिअरला) तोंड देणारे क्षेत्र सुमारे १.५१ चौरस मीटर होते. खांब ६० सेंटिमीटरचा केला की हेच क्षेत्र १.२६ चौरस मीटर होते, म्हणजे सुमारे १७ टक्के घट. आता सळई ठरल्यापेक्षा पाच सेंटिमीटर खाली बसली असे धरू. घेरही किंचित कमी होतो, जाडीही कमी होते आणि क्षेत्र १.०४ चौरस मीटरवर येते. दोन्ही मिळून घट ३० टक्क्यांहून अधिक होते आणि आराखडा कागदावर पाहणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही.

सळई खाली बसण्याची शक्यता मी उदाहरणापुरती घेतलेली नाही. साम्पुंगच्या स्लॅबमध्ये परिणामी जाडी अपेक्षेपेक्षा कमी भरल्याचे तपासात निष्पन्न झाले, आणि जेथे जेथे आरसीसीचे काम चालते तेथे ही चूक पाहायला मिळते. स्लॅबच्या मध्यभागी ताण खालच्या बाजूला असतो, म्हणून मुख्य सळई खाली असते. खांबावर मात्र स्लॅब उलट्या दिशेने वाकतो, ताण वरच्या बाजूला येतो आणि मुख्य सळई वर लागते. ही वरची जाळी खुर्च्यांवर, म्हणजे वाकवलेल्या सळईच्या आधारांवर, उचलून धरावी लागते. खुर्च्या कमी ठेवल्या, किंवा काँक्रीट ओतताना मजूर जाळीवरून चालत राहिले, तर ती दबते. काँक्रीट पडल्यावर ते कोणालाच दिसत नाही. आधाराशिवाय पुढे आलेले सज्जे कोसळतात त्यामागेही पुष्कळदा हेच कारण असते. सळई तेवढीच असते, फक्त ती चुकीच्या बाजूला गेलेली असते.

येथे आणखी एका नेहमीच्या प्रश्नाला उत्तर देणे आवश्यक आहे. इमारत पडली की पहिला संशय काँक्रीटच्या दर्जावर येतो. काँक्रीटचा दर्जा महत्त्वाचा आहेच, पण अनेक बांधकाम संहिता पंचिंगची क्षमता काँक्रीटच्या ताकदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात धरतात. त्या हिशेबाने काँक्रीट दहा टक्के कमी ताकदीचे निघाले तर पंचिंगची क्षमता सुमारे पाच टक्केच घटते. उलट स्लॅबच्या परिणामी जाडीत दहा टक्के घट झाली, तर घेर आणि जाडी दोन्ही कमी झाल्यामुळे क्षमतेतली घट दहा टक्क्यांहून जास्त असते. काँक्रीटची ताकद तपासण्यासाठी ओतलेल्या घनांच्या चाचणीचे अहवाल जेवढ्या काळजीने फायलीत लावले जातात, तेवढ्याच काळजीने काँक्रीट ओतण्यापूर्वी वरच्या जाळीची पातळी मोजली जात नाही, हे माझ्या मते या व्यवसायाचे जुने दुखणे आहे.

खांबांचा व्यास आणि सळईची पातळी यांच्या जोडीला तिसरी गोष्ट होती. सरकत्या जिन्यांसाठी जागा करताना काही खांबांचे भाग छाटले गेले. खांब छाटल्याने त्याचे क्षेत्र घटते हे उघड आहे. परंतु खांबाशेजारी स्लॅबला मोठे भोक पाडल्यानेही कडे तुटते, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. खांबाच्या मध्यापासून भोकाच्या दोन कडांपर्यंत रेषा काढल्या, तर त्या रेषांमध्ये येणारा घेराचा भाग हिशेबातून वजा करावा लागतो, कारण त्या बाजूने भार येऊच शकत नाही. उरलेल्या तुकड्यावर सगळा भार येतो, आणि तो एका बाजूला कललेला असल्यामुळे सारखा वाटलाही जात नाही. जिन्याचे भोक कोठे घ्यावे, हे म्हणून केवळ ये-जा कोठून सोयीची होईल यावर ठरत नाही.

पाचवा मजला आणि गरम फरशी

आणखी एक मजला चढवता येईल का, या प्रश्नाला ‘पाया तेवढा मजबूत आहे’ हे उत्तर वारंवार दिले जाते. पाया हा भाराच्या वाटेवरचा शेवटचा टप्पा आहे. वाढलेला भार तेथे पोहोचण्याआधी प्रत्येक स्लॅब, प्रत्येक सांधा आणि प्रत्येक खांब यांतून जातो आणि यांपैकी सर्वांत दुबळा घटक इमारतीची क्षमता ठरवतो.

साम्पुंगमध्ये पाचव्या मजल्याचा वापरही मध्येच बदलला. तेथे आधी स्केटिंगची जागा करण्याचा विचार होता आणि नंतर उपाहारगृहे आली. कोरियन पद्धतीच्या बैठकीसाठी तेथे फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवण्यात आल्या. त्या नळ्या झाकण्यासाठी काँक्रीटचा आणखी थर लागतो. केवळ १० सेंटिमीटरचा थर धरला तरी त्याचे वजन चौरस मीटरला सुमारे २४० किलो होते. एका खांबाच्या वाट्याच्या १२१ चौरस मीटरवर ते २९ टन भरते, आणि हा भार माणसांप्रमाणे ये-जा करत नाही, रात्रंदिवस तेथेच राहतो. स्वयंपाकघरातील जड उपकरणांचे वजन वेगळेच.

स्थिर भार (कायम जागेवर राहणारे वजन) आणि चल भार (माणसे, माल यांचे बदलते वजन) यांतला फरक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पाठ असतो, परंतु प्रत्यक्ष जागेवर तो निसटतो. गर्दी डोळ्यांना दिसते, त्यामुळे लोकांना गर्दीची भीती वाटते. फरशीचा जाड थर, मागाहून बांधलेली विटांची भिंत, गच्चीवर उतारासाठी टाकलेला भराव यांची भीती कोणालाच वाटत नाही. घराच्या खोलीसाठी संकल्पनेत धरलेला चल भार चौरस मीटरला साधारण २०० किलो असतो आणि दुकानासाठी त्याच्या दुप्पट किंवा त्याहून थोडा अधिक. म्हणजे १० सेंटिमीटरचा जादा थर टाकणे हे, भाराच्या दृष्टीने, त्या मजल्यावर एका घराचा संपूर्ण चल भार कायमचा आणून ठेवण्यापेक्षाही अधिक आहे. वापर बदलणे हा केवळ परवान्याचा विषय नसून संकल्पनाच नव्याने करण्याचा विषय आहे, तो यामुळेच.

छतावरून ओढत नेलेली यंत्रे

छतावर वातानुकूलनाची तीन अवजड यंत्रे बसवलेली होती. त्यांचा भार छताच्या संकल्पित क्षमतेच्या कितीतरी पलीकडचा होता. १९९३ मध्ये शेजारच्या रहिवाशांनी आवाजाची तक्रार केल्यामुळे ती छताच्या दुसऱ्या बाजूला हलवण्यात आली. क्रेनने उचलून ठेवण्याऐवजी ती रोलरवर ठेवून छतावरून ओढत नेली गेली. या एका कृतीने इमारतीचे किती नुकसान झाले असावे, हे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे.

यंत्र एका जागी असते तेव्हा ते ठरावीक खांबांवर भार टाकते. तो भार जास्त असेल तर निदान धोका कोठे आहे हे माहीत असते. यंत्र ओढत नेताना ते वाटेतल्या प्रत्येक गाळ्यातून, म्हणजे चार खांबांमधल्या भागातून, जाते आणि ज्या स्लॅबने, ज्या खांबाच्या कड्याने असे वजन कधीच पेललेले नाही, त्यांच्यावरून त्याचे पूर्ण वजन रोलरच्या अरुंद पट्टीतून सरकते. काँक्रीटला ताण सोसत नाही. खांबाभोवती वरच्या बाजूला भेगा पडतात. भार पुढे गेल्यावर त्या थोड्या मिटतात, पण तुटलेले काँक्रीट पुन्हा जुळत नाही. भेगेच्या दोन्ही कडांच्या खडबडीतपणामुळे एकमेकांत अडकून जी कर्तनशक्ती मिळते, ती कायमची कमी होते. यंत्रे नव्या जागी बसल्यानंतर चालू होताना आणि बंद होताना होणारी त्यांची कंपने या भेगांना हळूहळू रुंदावत राहिली.

‘गच्चीवर ठेवले तर काय बिघडेल’ या प्रश्नातली खरी अडचण अशी की विचारणारा एकूण वजन सांगतो आणि ऐकणारा एकूण क्षेत्रफळ डोळ्यांपुढे आणतो. ऐकणाऱ्याला वाटते, एवढ्या मोठ्या गच्चीला एवढेसे वजन. माणसांच्या वावरासाठी गच्चीवर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. समजा १५ टनांचे एखादे यंत्र १० चौरस मीटरच्या जागेवर उभे आहे. त्याखालचा भार चौरस मीटरला १,५०० किलो, म्हणजे गच्चीसाठी धरलेल्या भाराच्या दहापट होतो. बाकीची गच्ची रिकामी आहे, याचा त्याखालच्या स्लॅबला काहीही दिलासा नसतो.

मग ती पाच वर्षे उभी कशी राहिली?

हा प्रश्न वाजवी आहे आणि त्याचे उत्तर सुरक्षा गुणकात आहे. संकल्पनेत भार वाढवून धरतात आणि साहित्याची ताकद कमी करून धरतात. भारतीय मानक आय.एस. ४५६ मध्ये स्थिर व चल भारासाठी १.५ हा गुणक आहे आणि काँक्रीटची ताकद आणखी १.५ ने भागून घेतात. इतर देशांच्या संहितांचे आकडे वेगळे असले तरी तत्त्व तेच आहे. हे पाहून अनेकांचा असा समज होतो की प्रत्येक इमारतीत दुपटीहून अधिक ताकद शिल्लक पडून असते आणि ती गरजेप्रमाणे वापरता येते. वस्तुतः हा गुणक मोकळा पडलेला नसतोच. काँक्रीटच्या प्रत्येक घमेल्यातला फरक, सळईची थोडीफार चुकलेली जागा, हिशेबातल्या गृहीतकांतली त्रुटी, कधीतरी होणारी अपवादात्मक गर्दी यांच्यासाठी तो आधीच राखून ठेवलेला असतो. साम्पुंगमध्ये बारीक खांबांनी त्यातला एक हिस्सा घेतला, खाली गेलेल्या सळईने दुसरा, छाटलेल्या खांबांनी तिसरा, वाढीव मजल्याने चौथा आणि छतावरच्या यंत्रांनी पाचवा. इमारत पाच वर्षे उभी राहिली, त्या काळात या गुणकानेच तिला धरून ठेवले होते आणि तो संपत आल्याची खूण बाहेरून दिसण्यासारखी नव्हती.

दीर्घकाळ टिकून असलेल्या जास्त भाराचाही येथे वाटा असतो. अशा भाराखाली काँक्रीट वर्षानुवर्षे हळूहळू आकसत आणि वाकत राहते आणि आधीच्या भेगा वाढतात. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हा युक्तिवाद म्हणून केवळ नव्याने टाकलेल्या भारापुरताच नव्हे, तर जुन्या जादा भाराच्या बाबतीतही टिकत नाही.

भेगा

एप्रिल १९९५ मध्ये पाचव्या मजल्याच्या छताला भेगा दिसू लागल्या. व्यवस्थापनाने वरच्या मजल्यावरचा काही माल तळघरात हलवला. ही कृती अगदीच निरर्थक नव्हती, पण तिने हलवला तो चल भाराचा लहानसा हिस्सा; स्लॅब, गरम फरशीचा थर आणि यंत्रे होती तेथेच राहिली.

भेग दिसल्यावर विचारायचा प्रश्न ती किती रुंद आहे हा एकटाच नाही. प्लास्टरच्या आकसण्याने पडलेल्या भेगा जाळीसारख्या, दिशाहीन आणि वरवरच्या असतात आणि काही दिवसांनी थांबतात. भिंत आणि खांब यांच्या जोडावरची सरळ उभी भेग बहुधा दोन वेगळ्या साहित्यांच्या हालचालीची असते. याउलट खांबाच्या माथ्यापासून किरणांसारख्या बाहेर जाणाऱ्या, किंवा खांबाभोवती गोल फिरणाऱ्या भेगा स्लॅबच्या वरच्या बाजूला दिसल्या, तर त्या थेट कड्याविषयी बोलत असतात. वरच्या बाजूच्या भेगा फरशीखाली झाकलेल्या असतात, ही यातली अडचण. त्यामुळे खांबापाशी फरशी उचलणे, जमीन खांबाजवळ खालीवर जाणवणे, दारे अडकू लागणे, छतातून अधूनमधून फुटल्याचा आवाज येणे या अप्रत्यक्ष खुणांकडे लक्ष द्यावे लागते. भेग वाढते आहे की थांबली आहे हे पाहण्यासाठी तिच्यावर आडवी काचपट्टी चिकटवतात किंवा दोन बाजूंना खुणा करून त्यांतले अंतर तारखेनिशी नोंदवतात. पट्टी तडकली तर प्रश्न प्लास्टरचा उरत नाही.

२९ जूनच्या सकाळी भेगा झपाट्याने वाढल्या. वरचा मजला बंद करण्यात आला आणि वातानुकूलन थांबवण्यात आले. अभियंत्यांना बोलावण्यात आले आणि इमारत धोक्यात असल्याचे व्यवस्थापनाला कळले. यंत्रे बंद केल्याने कंपन थांबते. वजन मात्र एक किलोनेही कमी होत नाही. दुपारी वरून मोठे आवाज ऐकू आले. इमारत रिकामी करण्याचा निर्णय त्याही वेळी झाला नाही, कारण एका दिवसाची विक्री बुडाली असती. खालच्या मजल्यांवर खरेदी चालू राहिली. धोक्याची सूचना बाहेर देण्यात आली तेव्हा काही मिनिटेच उरली होती.

एका खांबापासून सगळ्या इमारतीपर्यंत

वरच्या भागातील एका खांबाचे कडे फुटले. त्या खांबाच्या वाट्याचा भार त्याच क्षणी शेजारच्या खांबांकडे गेला. तेथील कडीही आधीच काठावर होती, तीही फुटली. वरचा स्लॅब खालच्या स्लॅबवर आदळला. पडणारे वजन स्थिर वजनाच्या कितीतरी पट धक्का देते, त्यामुळे खालचा मजला धड असता तरी तो वाचणे कठीण होते. लंडनमधील रोनन पॉइंट या उंच इमारतीत १९६८ मध्ये एका घरात गॅसचा स्फोट होऊन इमारतीचा संपूर्ण कोपरा वरपासून खालपर्यंत गेला, तेव्हापासून अशा क्रमाक्रमाने होणाऱ्या पडझडीचा संहितांमध्ये स्वतंत्र विचार होऊ लागला होता. अमेरिकी काँक्रीट संहितेने १९८९ मध्ये सांगाड्याच्या एकसंधतेसाठी सळईचे नियम घातले. फ्लॅट स्लॅबपुरता त्याचा गाभा साधा आहे. स्लॅबच्या खालच्या बाजूच्या काही सळया न तोडता खांबाच्या गाभ्यातून आरपार न्यायच्या. पंचिंग झाले की वरच्या सळया काँक्रीटचे आवरण फाडून बाहेर येतात आणि निरुपयोगी होतात. खालच्या सळया मात्र खांबात अडकलेल्या राहतात आणि पडू पाहणारा स्लॅब दोरीसारखा टांगून धरतात. स्लॅब निकामी होतो, इमारत उभी राहते आणि माणसे बाहेर पडतात. या सळयांसाठी लागणारे जादा लोखंड नगण्य असते. संकल्पनेत एवढ्या कमी साहित्यात एवढा बदल घडवणारी दुसरी तरतूद मला तरी सांगता येणार नाही.

ढिगाऱ्याखालून शेवटची व्यक्ती जिवंत बाहेर काढली गेली ती सतरा दिवसांनी. पुढे मालक कंपनीच्या अध्यक्षांना निष्काळजीपणाबद्दल आणि बेकायदा बदलांना मंजुरी देणाऱ्या काही अधिकाऱ्यांना लाचखोरीबद्दल तुरुंगवास झाला.

कोठे थांबता आले असते

तांत्रिकदृष्ट्या या प्रकरणात मागे फिरण्याच्या जागा बऱ्याच होत्या, आणि प्रत्येक पुढच्या जागी उपाय अधिक महाग व अधिक गैरसोयीचा होत गेला. आराखडा बदलला तेव्हा माथ्यांभोवती पुरेशा जाडीचे ड्रॉप पॅनेल, म्हणजे तेथे स्लॅबचा खालून जाड केलेला भाग, आणि मोठे खांब घेता आले असते. हे काम फक्त कागदावरचे होते. पाचवा मजला चढवताना गरम फरशीऐवजी हलका पर्याय घेता आला असता. यंत्रे हलवायची ठरली तेव्हा ती क्रेनने उतरवून जमिनीवर स्वतंत्र पायावर बसवता आली असती आणि शेजाऱ्यांची तक्रारही सुटली असती.

एप्रिलमध्ये भेगा दिसल्यानंतरही इमारत वाचवता येण्याजोगी होती, असे मानायला जागा आहे. त्या वेळचा क्रम कोणत्याही अनुभवी अभियंत्याने साधारण असाच सांगितला असता. आधी वरचे दोन मजले रिकामे करायचे. यंत्रांमधले पाणी काढून टाकायचे आणि यंत्रे सुटी करून उतरवायची. संशयित खांबांभोवती प्रत्येक मजल्यावर लोखंडी टेके लावायचे. हे टेके एका मजल्यावर लावून थांबता येत नाही, कारण टेका भार फक्त खालच्या स्लॅबवर देतो. तो एकाखाली एक असे थेट तळघराच्या जमिनीपर्यंत उतरवत न्यावा लागतो. त्यानंतर खांबाजवळची फरशी उखडून वरच्या भेगा पाहायच्या, सळईची खरी पातळी मोजायची, तपासणीसाठी काँक्रीटच्या गाभ्याचे नमुने काढायचे आणि हिशेब पुन्हा मांडायचा. खांबाला काँक्रीटचा वेढा देऊन त्याचा व्यास वाढवणे किंवा माथ्याखाली पोलादी कॉलर बसवून कडे रुंद करणे, या दोन्ही उपायांची पद्धत त्या काळी माहीत होती आणि आजही हेच केले जाते.

२९ जूनच्या सकाळी यांपैकी कोणत्याही दुरुस्तीला वेळ उरलेला नव्हता. ज्या स्लॅबमधून आवाज येत आहेत त्याच्याखाली टेके लावायला माणसे पाठवणे हेही त्या अवस्थेत योग्य ठरले नसते. तेव्हा करण्यासारखे एकच काम शिल्लक होते, सगळे दरवाजे उघडून सर्वांना बाहेर काढायचे, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा वेळ त्यासाठी पुरेसा होता.